अंगणातलं बुजगावणं: हॅलोविनपर्यंत उभं कसं ठेवायचं
(न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्टेंबर सरत आला की दुकानात चौकशी सुरू होते. मुलांना पुढच्या अंगणात बुजगावणं हवं असतं आणि आईवडिलांच्या यादीत असतात दोन काठ्या, सुतळी आणि एक जुना शर्ट. यादी चुकीची नाही, पण ती जोंधळ्याच्या शेतातली आहे. शेतातलं बुजगावणं हललं, डुललं, तर पाखरं लांब राहतात. वाकलं तर शेतकरी येताजाता सरळ करतो. इथलं बुजगावणं फुटपाथपासून चार हातांवर, शाळकरी मुलांच्या वाटेत, महिनाभर उभं राहणार असतं. म्हणून आमचं सांगणं एकच: आधी पाया, मग सांगाडा आणि उरलेल्या वेळात कपडे. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात.

ऑक्टोबरअखेरीच्या हवेचा इथे भरवसा नाही. २०११ साली २९ ऑक्टोबरला पानं झाडावर असतानाच जड, ओला बर्फ पडला. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं आणि गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी हुकूम काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकलला. तसलं वादळ आलं तर बुजगावणं सरळ गराजमध्ये न्या. आमची जोडणी साध्या जोरदार वाऱ्यासाठी आहे, आणि तोही कमी नसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ४० मैलांच्या झोतात, हात पसरून उभ्या असलेल्या माणसाएवढ्या बुजगावण्यावर सुमारे ३५ पौंडांचा रेटा येतो, तोही छातीच्या उंचीवर. मातीत नुसती रोवलेली काठी एवढ्याने उखडते.

पाया

सळई ठोकण्याआधी ८११ ला फोन करा. सेवा फुकट आहे. न्यू जर्सीत किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं, मग गॅस, वीज, पाणी यांच्या कंपन्या जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, केशरी फोन आणि केबलचा. "दोन फूट तर ठोकायचंय" असं म्हणून हे टाळू नका, घरात येणारी केबल बऱ्याचदा त्याहून वर असते.

अर्धा इंच जाडीच्या, चार फूट लांबीच्या दोन सळया घ्या. एक नव्हे, दोन. एकाच गोल सळईवर बसवलेलं बुजगावणं पडत नाही, पण फिरतं. रात्री वारा सुटला की सकाळी साहेब रस्त्याकडे पाठ करून घराकडे बघत उभे असतात. दोन्ही सळया साडेतीन इंचांच्या अंतराने, दोन फूट जमिनीत आणि दोन फूट वर राहतील अशा ठोका. एडिसनच्या आसपास आणि उत्तरेकडे लाल चिकण माती आणि शेल (पापुद्र्यांचा खडक) लागतो, तिथे घण वापरावा लागेल, पण एकदा बसलेली सळई हलत नाही. मनमथ किंवा ओशन काउंटीच्या वाळूत सळई लोण्यात गेल्यासारखी जाते आणि तशीच बाहेरही येते. तिकडच्यांनी पाच फुटी सळई घेऊन तीन फूट आत घालावी.

टाउनहाउस किंवा काँक्रीटचा पॅटिओ असेल तर पाच गॅलनची बादली घ्या. तीत खांब उभा धरून कोरडी वाळू ठासून भरा, वर झाकण लावा. वजन ६५ पौंडांच्या पुढे जातं. आडोशाच्या जागी एवढं पुरतं. मोकळ्यावर असेल तर बादली कठड्याला बांधा. काँक्रीट ओतू नका. नोव्हेंबरात ती बादली उचलणार कोण? असोसिएशनचे नियमही आधी वाचून घ्या, काही ठिकाणी सजावट किती दिवस ठेवायची याला मर्यादा असते.

सांगाडा

उभा खांब म्हणजे सहा फुटी टू बाय फोर (प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंची), बाहेर टिकणारं, प्रक्रिया केलेलं लाकूड. तो दोन सळयांच्या मधोमध येतो. प्रत्येक सळईला दोन पाइप-पट्ट्या लावून स्क्रूने खांबाला जखडा. खांबाचं बूड जमिनीपासून दोन इंच वर राहू द्या, म्हणजे पाणी धरणार नाही. हातांसाठी वन बाय थ्रीची चार फुटी पट्टी, खांबाच्या टोकापासून फूटभर खाली. तिला दोन इंची डेक स्क्रू दोन मारायचे, तेही तिरक्या रेषेत. एकाच स्क्रूवर हात तराजूसारखा कलतो. आधी ड्रिलने बारीक भोक पाडलंत तर पट्टी चिरणार नाही. खिळे वापरूच नका, वाऱ्याने हळूहळू सैल होतात.

उंच बुजगावण्याला तणावे म्हणून मासेमारीची दोरी बांधण्याची युक्ती इंटरनेटवर बरीच फिरते. अंधारात मुखवटा लावून धावणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला ती दिसत नाही. आम्ही ती सुचवत नाही.

अंगावरचं

पेंढा मागताना "स्ट्रॉ" मागा, "हे" नको. स्ट्रॉ म्हणजे मळणीनंतर उरलेले काड. हे म्हणजे वाळलेला चारा, त्यात बी असतं. ते उंदरांना आणि खारींना आवडतं आणि वसंतात लॉनमध्ये उगवूनही येतं. पूर्ण पोट पेंढ्याने भरलंत तर पहिल्या पावसात ते भिजून जड होतं आणि बुरशी धरतं. म्हणून शर्टाच्या आत कोंबडीजाळीचा पिंप वळवा किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबा. पेंढा फक्त बाह्यांच्या तोंडाशी, गळ्याशी आणि पँटच्या खाली, जिथे दिसतो तिथे. शर्टाच्या पाठीला कात्रीने तीन-चार चिरा द्या, त्यातून वारा निघून जातो. समोरून कळतही नाही.

पँट खांबाच्या पुढे लटकवा आणि सुतळीच्या गॅलिसने आडव्या पट्टीवर अडकवा. डोकं गोणपाटाचं करा, आत पिशव्या भरा आणि गळ्याशी काळ्या झिप टायने खांबाला आवळा. पांढरे टाय उन्हात लवकर ठिसूळ होतात. खऱ्या भोपळ्याचं डोकं फोटोत छान दिसतं, पण दहा-बारा पौंड वजन टोकावर आणि आठवड्यात सडका वास, शिवाय हरणं आहेतच. फोमचा भोपळा घ्या. डोक्याला फेटा बांधणारे ग्राहकही आमच्याकडे आहेत. फेटा चांगला, फक्त शेमला पिन करा, तो दिव्यांच्या वायरीत अडकतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बुजगावणं झाडाला गळ्याशी दोरी बांधून लटकवू नका आणि त्याचा चेहरा काळा रंगवू नका. आपल्या मनात काही नसेल, पण या देशात कृष्णवर्णीयांना झुंडीने झाडाला लटकवून मारल्याचा इतिहास आहे आणि शेजाऱ्याला आधी तेच आठवेल.

आग आणि वीज

वाळका पेंढा ठिणगीवर पेटतो. २०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोविन एकत्रच आले, पोर्चवर पणत्या आणि पायरीशी पेंढ्याचा बाप्या. ज्या वर्षी असं जवळ येईल त्या वर्षी पणत्या खऱ्या तेलाच्या हव्यात तर बुजगावण्यापासून दहा फूट लांब, वाऱ्याची दिशा बघून. भोपळ्याच्या आत मेणबत्ती नको, एलईडी ठेवा. दिव्यांच्या माळा आणि एक्स्टेंशन कॉर्ड बाहेर वापरण्याजोग्याच असाव्यात, जोडणी जीएफसीआय आउटलेटला (वीज गळली की आपोआप बंद होणारं). वायर पायवाटेवरून नेऊ नका. कोपऱ्यावरचं घर असेल तर गाडी वळवणाऱ्याला रस्ता दिसतोय ना, ते स्वतः गाडीत बसून एकदा बघा.

काढताना

भुताटकीचं सामान ३१ ऑक्टोबरनंतर उतरवा. साधं शेतकऱ्याचं बुजगावणं थँक्सगिव्हिंगपर्यंत शोभतं. खांब काढल्यावर सळया तशाच सोडू नका. निघेपर्यंत तरी टोकावर नारिंगी प्लॅस्टिकची टोपी लावा. पाइप-पान्याने धरून अर्धा वळसा द्या, मग वर ओढा. माती ओली असेल त्या दिवशी सोपं जातं. पेंढा कंपोस्टमध्ये जाईल, पण त्यातले झिप टाय आधी वेचून घ्या.

सळई आणि लाकूड आम्ही मापाने कापून देतो. पाइप-पट्ट्या, टोप्या आणि डेक स्क्रू तिसऱ्या रांगेत, रंगांच्या डब्यांच्या समोर.