मऊ वाळू आणि ट्रॅक्शन कंट्रोल : पार्श्वभूमी

पावसाळा सरला की खानदेशातल्या तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांचे पाणी ओसरू लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, धरणांचा आणि बंधाऱ्यांचा फुगवटा जिथे पोहोचत नाही तिथे, वाळूचे रुंद पट्टे उघडे पडतात. या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लागतात, माल भरायला गाड्या पात्रात उतरतात, आणि अलीकडे नव्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्या घेतलेली हौशी मंडळीही तिथे दिसू लागली आहेत. चाक घसरू नये म्हणूनच गाडीत बसवलेले ट्रॅक्शन कंट्रोल वाळूत बंद करा असे जाणकार सांगतात, तेव्हा या मंडळींना त्यात विसंगती वाटते. मात्र ही यंत्रणा कोणत्या जमिनीसाठी आणि कोणत्या क्रमाने घडत गेली हे पाहिले की ती विसंगती उरत नाही.

मूळ अडचण डिफरन्शिअलची आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना, म्हणजे डिफरन्शिअल, हवी. तिचे पेटंट फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी घेतले. ही रचना दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, पण तो जोर किती असावा हे कमी पकड असलेले चाक ठरवते. एक चाक हवेत लटकले की ते भरभर फिरते आणि जमिनीवर घट्ट टेकलेले दुसरे चाक ढिम्म हलत नाही. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर जुळणी सुरू केलेल्या विलिस जीप असोत की डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, पुढचे एक आणि मागचे तिरके एक चाक सुटले की चारही चाकांना ताकद देणारी ही गाडी उभी राहत असे. त्यावरचा जुना उपाय म्हणजे डिफरन्शिअल लॉक, अर्थात दोन्ही चाके यांत्रिकरीत्या एकत्र बांधून टाकणे.

वाळूतले शहाणपण मात्र याहून वेगळ्या वाटेने आले, आणि ते इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीचे आहे. इजिप्तमध्ये नेमणुकीवर असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फोर्डच्या साध्या, फक्त मागची चाके ओढणाऱ्या गाड्या घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. टायरमधली हवा कमी करणे, फसलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या घालणे आणि टेकडीवर वेग न मोडता चढणे या तीन गोष्टींवर त्यांचे बरेच काही उभे होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने समुद्रकिनाऱ्यावर उतरण्यासाठी बनवलेल्या डीयूकेडब्ल्यू (डक) या पाण्या-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येत असे. मऊ वाळूत गाडी अडते ती मुख्यतः चाक खोल रुतून पुढची वाळू ढकलावी लागते म्हणून, ही गोष्ट या अनुभवातून पक्की झाली.

ट्रॅक्शन कंट्रोलचा उगम यापासून फार दूर, ओल्या आणि बर्फाळ डांबरी रस्त्यांवर आहे. १९७१ साली अमेरिकेतील ब्युइक कंपनीने मॅक्सट्रॅक नावाची यंत्रणा आणली. मागचे चाक जास्त फिरते आहे असे दिसताच ती इंजिनाची ताकद कमी करी. पुढे १९७८ मध्ये जर्मन कंपनी बॉशचे इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आले आणि चाकांची गती मोजणारे सेन्सर गाडीत कायमचे बसले. त्याच सेन्सरच्या आधारे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉशने घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी आणि सोबत इंजिनाचा जोरही उतरवणारी यंत्रणा बाजारात आणली. १९९५ मध्ये तिच्यात गाडीचा तोल सांभाळणाऱ्या ईएसपीची भर पडली.

फोर बाय फोर गाड्यांना यातला ब्रेकचा भाग वरदान ठरला. सुटलेल्या चाकाला ब्रेक लावला की डिफरन्शिअलला ते चाक पकडीत असल्यासारखे वाटते आणि जोर पलीकडच्या, पकड असलेल्या चाकाकडे जातो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रेंज रोव्हरने ही सोय दिली आणि १९९७ च्या मर्सिडीझ एम-क्लासने डिफरन्शिअल लॉकऐवजी चारही चाकांवरच्या ब्रेकवर भिस्त ठेवली. खडकाळ नाल्यात, खोल चाकोरीत हे उत्तम चालते.

वाळूत गणित उलटते. डांबरावर एखादे चाक घसरते आणि बाकीची धरून ठेवतात. मऊ वाळूत चारही चाके थोडी थोडी घसरतच पुढे जातात, कारण वाळू दाबत, मागे सारत जाणे हीच तिथली चाल आहे. गाडीतला संगणक तिला धोका समजतो. गिरणेच्या पात्रात अशा वेळी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो, ब्रेकच्या पंपाची घरघर पायापर्यंत जाणवते, आणि रेस पूर्ण दाबलेली असूनही इंजिनाचा आवाज खाली बसत जातो. जो वेग गाडीला वाळूवर तरंगत ठेवत होता तो नेमका या क्षणी जातो. मग चालक घाबरून आणखी रेस देतो, चाके जागेवर फिरून खड्डा करतात आणि गाडी पोटावर बसते.

उत्पादकांनाही हे उमगले. आधी बंद करण्याचे बटण आले. त्यानंतर २००४ मध्ये लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ ने चालकाला जमिनीचा प्रकार निवडू देणारा खटका दिला, ज्यात वाळूची वेगळी जागा होती. आपल्याकडे २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये अशी निवड आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये आणि २०२३ च्या जिम्नीमध्ये ब्रेकच्या आधाराने डिफरन्शिअल सांभाळण्याची सोय आहे. म्हणूनच सरसकट ‘सगळे बंद करा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. तिरकी चाके सुटून गाडी अडली असेल, तर ब्रेकची मदत हवीच असते. बाधते ती इंजिनाची ताकद कापणे. अनेक गाड्यांत बटण दाबल्यावर इंजिनावरचा लगाम सुटतो आणि ब्रेकचे काम चालू राहते, पण नेमके काय बंद होते ते गाडीगणिक बदलते. त्यासाठी पात्रात उतरण्याआधी गाडीची पुस्तिका वाचून घ्यावी.

नदीची वाळू वाळवंटासारखी एकजात नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. पात्राच्या मधोमध कोरडी, सैल वाळू लागते. थोडी दमट वाळू तिच्यापेक्षा घट्ट असते. आणि धारेजवळ, वरून सुकी पपडी दिसत असली तरी खालची वाळू पाण्याने भरलेली असते आणि फिरणाऱ्या चाकाच्या कंपाने ती आणखी पातळ होते. कोणताही खटका हा फरक आधी ओळखू शकत नाही, तो पायी चालूनच कळतो. रस्त्यावर ३० ते ३५ पौंड असणारी हवा १८ पौंडांच्या आसपास आणली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, आणि मग ट्रॅक्शन कंट्रोलच्या दोन्ही स्थितींत गाडीवरचा ताण कमी राहतो. शिवाय बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की यंत्रणा आपोआप परत सुरू होते, त्यामुळे वाळूत इंजिन बंद पडल्यास बटण पुन्हा दाबावे लागते. आणि डांबरावर चढल्यावर आधी टायरमध्ये हवा भरून ही यंत्रणा चालू असल्याची खात्री करावी, कारण वेगात वळताना तीच गाडी सावरते.