मेडिकल स्कूलच्या अर्जाआधी: पेशंटजवळचं काम कसं निवडावं
अमेरिकेतल्या प्रीमेड (पदवी घेता घेता मेडिकलची तयारी करणाऱ्या) विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एमकॅटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, स्कोअरचा असतो आणि दुसरा पेशंटजवळच्या कामाच्या तासांचा: "अवर्स किती लागतात हो?" पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येतं, दुसऱ्याचं नाही. बारावीच्या नाहीतर प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर एमबीबीएसचे प्रवेश पाहत मोठ्या झालेल्या आई-बाबांना हे पटायला वेळ लागतो. इथे मुलं चार वर्षांची पदवी घेऊन मग मेडिकलकडे वळतात. मार्क चांगले असणारे अर्जदार मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीकडे ढिगाने असतात. त्यातल्या कोणाला आजारी माणसाजवळ वेळ काढून झाल्यावरही डॉक्टरच व्हायचं आहे, ते समितीला शोधायचं असतं.

म्हणून आमचा सल्ला एका ओळीचा आहे: घराजवळची किंवा कॉलेजजवळची एक जागा धरा आणि तिथे वर्ष-दीड वर्ष दर आठवड्याला जा. तिथे पेशंटशी खरोखर बोलणं व्हायला हवं, हॉस्पिटलचं नाव मोठं नसलं तरी चालेल.

क्लिनिकल, म्हणजे पेशंटजवळचं, काम कशाला म्हणायचं

आमची कसोटी घरगुती आहे. शिफ्ट संपवून आलेल्या मुलीला विचारा, "आज कोणाशी बोललीस?" नाव न सांगता ती एखाद्या पेशंटबद्दल दोन वाक्यं बोलली, तर काम क्लिनिकल आहे. गिफ्ट शॉपचा काउंटर सांभाळणं किंवा फायली लावणं हॉस्पिटलच्या इमारतीत झालं, तरी ते त्यात बसत नाही. नर्सिंग होममध्ये आजोबांना घास भरवणं नक्की बसतं.

शॅडोइंग वेगळं. तिथे डॉक्टरांच्या मागे उभं राहून फक्त पाहायचं असतं, आणि अर्जातही त्याचा रकाना स्वतंत्र आहे. ते थोडं पुरतं. दोन-तीन शाखा पाहा, त्यात एक फॅमिली मेडिसिनसारखी रोजच्या दुखण्यांची असू द्या. घरात कोणी डॉक्टर असेल तर सुरुवातीला त्यांच्याबरोबर जायला हरकत नाही, पण सगळं शॅडोइंग बाबांच्याच क्लिनिकमधलं असेल तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

जागा कोणत्या

हॉस्पिटलची व्हॉलंटियर ऑफिसं सगळ्यांना ठाऊक असतात आणि तिथेच रांग असते. आत गेल्यावर कोणत्या वॉर्डात पाठवतील यावर सगळं अवलंबून. पेशंटला व्हीलचेअरवरून नेणं, ब्लँकेट आणून देणं, इमर्जन्सीच्या वेटिंग रूममध्ये थांबणं असं काम मागून घ्या. तीन महिने डेस्कवरच बसवलं तर बदली मागा. मागितलेली बरी, आमची मुलं संकोचतात.

हॉस्पिसकडे फार थोडे वळतात, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त शिकायला तिथे मिळतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य उरलेलं नाही असा डॉक्टरांचा अंदाज असतो, अशा माणसांची ही सेवा. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नियमानुसार हॉस्पिसमध्ये पेशंटसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के इतके तास व्हॉलंटियर्सनी भरायचे असतात, त्यामुळे त्यांना माणसं सतत हवी असतात आणि प्रशिक्षणही तेच देतात. काम म्हणजे शेजारी बसायचं, वाचून दाखवायचं, घरच्यांना तासभर मोकळं करायचं. आमची एक विद्यार्थिनी पहिल्या महिन्यात रडत घरी यायची. आई म्हणाली, सोड. तिने सोडलं नाही. पण दुसऱ्या एकाने सोडलं आणि मेडिकलचा विचारही सोडला. तेही वेळेवर कळलं, असंच आम्ही समजतो.

पगारी कामंही चालतात. सीएनए (नर्सच्या हाताखालचा प्रमाणित मदतनीस) होण्यासाठी केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, काही राज्यांत बरंच जास्त. अंघोळ घालणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं करावं लागतं. ईएमटीचा (अँब्युलन्सवर तातडीची मदत करणाऱ्याचा) कोर्स याहून लांब. स्क्राइब डॉक्टरांच्या शेजारी बसून पेशंटची नोंद टाइप करतो, त्यातून डॉक्टर विचार कसा करतात ते ऐकायला मिळतं. मात्र हे काम आता बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर करू लागलं आहे, तेव्हा त्याच एका वाटेवर भिस्त ठेवू नका.

मराठी किंवा हिंदी येतं म्हणून वॉर्डात तुम्हाला कोणी "जरा सांग ना यांना" म्हणेल. पाणी हवं का, विचारा. औषधं, तपासणी, संमतीपत्र यांचं भाषांतर करू नका. त्यासाठी हॉस्पिटलने पात्र दुभाषी द्यायचा असतो.

व्हिसा

एच-४ वरच्या (कामाच्या व्हिसावर आलेल्या पालकांबरोबरच्या) मुलांना पगारी काम करता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर पगारी काम करायला परवानगी लागते. खरंखुरं व्हॉलंटियरिंग दोघांना करता येतं, पण ज्या कामाला तिथे एरवी पगार देतात तेच काम फुकट केलं तर ते व्हॉलंटियरिंग ठरेलच असं नाही. सुरू करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला नाहीतर वकिलाला विचारा. आम्ही वकील नाही. बरीच मेडिकल स्कूल नागरिक आणि ग्रीनकार्डधारक सोडून इतरांचे अर्ज घेत नाहीत, म्हणून शाळांची यादी करतानाच हे तपासलेलं बरं.

सुट्टीत भारतात

"मामाचं हॉस्पिटल आहे, उन्हाळ्यात महिनाभर जाईल, ऑपरेशनही बघू देतील." हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकतो. जाऊ द्या, बघू द्या. इंजेक्शन देणं, टाके घालणं, प्रसूतीत हात घालणं मात्र नको. मामांनी कितीही प्रेमाने सांगितलं तरी. इथे जे करायची परवानगी नाही ते परदेशी पेशंटवर करून पाहिलं, असं अर्जात दिसलं तर अर्जाचं नुकसान होतं, कारण त्या पेशंटला तुमच्या शिकण्याची किंमत मोजावी लागते. हजारो डॉलर घेऊन परदेशात "मेडिकल मिशन" घडवणाऱ्या सहलींबद्दलही आमचं मत हेच. आम्ही स्वतः कुठेही जागा मिळवून देत नाही आणि त्याचे पैसेही घेत नाही.

कागदपत्रं

अर्ज केला आणि सोमवारी रुजू, असं होत नाही. पार्श्वभूमी तपासणी, गोवर आणि कांजिण्यांच्या लसींची नोंद, फ्लूची लस, टीबीची तपासणी यात आठवडे जातात. मूल भारतात जन्मलेलं असेल तर बीसीजीची लस झालेली असते, आणि त्यामुळे हातावरची टीबी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे आणि धावपळ. आधीच सांगून रक्ताची टेस्ट मागा.

अर्जात हे कुठे येतं

बहुतेक मेडिकल स्कूलचा अर्ज अ‍ॅमकॅस या सामाईक ऑनलाइन अर्जसेवेतून जातो. त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव लिहिता येतात, प्रत्येकाला स्पेस धरून ७०० अक्षरं. त्यातले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. १५ रकाने आहेत म्हणून १५ भरायचे नसतात. टेक्सासच्या सरकारी शाळांचा अर्ज वेगळा, त्याच्या मर्यादाही वेगळ्या.

प्रत्येक अनुभवापुढे तास आणि खात्री करून देणारी व्यक्ती लिहावी लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, तास, सुपरवायझर, आणि मनात राहिलेली एक गोष्ट. पेशंटचं नाव, खोलीचा नंबर, फोटो यातलं काही नको. पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा १९९६ चा हिपा कायदा हॉस्पिटलला लागू आहे आणि रुजू होताना तो पाळायचं तुम्ही सही करून कबूल केलेलं असतं.

अर्ज मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवायचे आणि शाळा पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सुरू होणार. गॅप इयर (पदवी आणि मेडिकल यांच्यामधलं मोकळं वर्ष) नको असेल तर कॉलेजचं तिसरं वर्ष संपताच अर्ज जातो, म्हणजे काम दुसऱ्या वर्षातच धरायला हवं. गॅप इयर घेतलं तर घाई राहत नाही, आणि तसं करणारे आता पुष्कळ आहेत.

पहिल्या भेटीला येताना लसीकरणाची नोंद, आतापर्यंतच्या तासांची वही (नसेल तर कोऱ्या कागदावर आठवेल तसं) आणि आठवड्यातले कोणते दोन अर्धे दिवस खरंच मोकळे आहेत ते लिहून आणा. विद्यार्थ्याने स्वतः यावं. आई-बाबा आले तर आनंदच, पण पहिली वीस मिनिटं आम्ही मुलाशी एकट्याने बोलतो.