वावरातल्या घराचं चित्र काढून घ्यायचं असेल तर

तुम्ही दिलेल्या फोटोवरून आम्ही घराचं तैलचित्र काढतो. चित्र घरी नेल्यावर बरेच जण फोन करतात: "जवळून नुसते रंगाचे ठिपके दिसतात, काम अर्धवट राहिलं का?" काम पूर्ण असतं. चित्र सात-आठ फुटांवरून पाहा, ठिपक्यांचे कवेलू होतात. १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या सूर्योदयाच्या चित्रालाही एका समीक्षकानं अपुरं म्हणून हिणवलं होतं. त्याच चित्राच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या नावावरून आमच्या या शैलीला इम्प्रेशनिझम म्हणतात.

आमचा खरा वेळ जातो तो भरदुपारच्या फोटोपायी. मे महिन्यात आपल्याकडे बाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर असतो. सावली भिंतीच्या बुडाशी गोळा होते, कवेलू सपाट दिसतात, पांढऱ्या मातीनं पोतलेली भिंत फोनमध्ये पांढरीफटक येते. या शैलीत घरापेक्षा घरावरचं ऊन रंगवायचं असतं आणि फोटोत तेच नसतं. मग पुन्हा फोटो मागवा, थांबा, आठवडा जातो.

मागच्या वर्षी एका ताईंनी माहेरच्या घराचा असाच फोटो आणला. वावरात एकटंच घर, शेजारी फक्त निंब. आम्ही परत पाठवलं, त्यांना रागही आला. दुसऱ्या खेपेस त्यांनी सकाळी सातचा फोटो आणला: निंबाची सावली ओसरीवरून थेट दारापर्यंत आलेली, भिंतीवर निळसर झाक. ती झाक आम्ही मनानं घालत नाही. सावलीत ऊन नसतं, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून सावलीला आम्ही काळा रंग लावत नाही.

तेव्हा फोटो सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलताना काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे दबतात. जमत नसेल तर कळवा. तालुक्यातल्या तालुक्यात आम्ही स्वतः वावरात येऊन कच्चं चित्र काढतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

लग्नाच्या तारखेवर चित्र मागू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि आमचे फटकारे जाड असतात. वार्निश सहा महिन्यांनंतरच. तेव्हा चित्र घेऊन या, ते आम्ही मोफत करतो. तोवर कुलरच्या झोतासमोर टांगू नका, ओलसर हवेनं कॅनव्हास सैल पडतो. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं तर अजिबात नको, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका.