दोन सांगितली, एकच दिलं: दवाखान्यातला संवाद आणि रुग्णाची सुरक्षितता

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या वेळी विशीतल्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. दोन दिवसांनी खेडहून स्प्लिंट आणले, टॅक्सी ठरवली आणि मुलाला घेऊन आई व डॉक्टर रात्री एकच्या सुमारास पुण्याला निघाले. सुमारे दोनशे मैलांचा रस्ता. पोचायला सकाळचे साडेअकरा वाजले. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करायचे. तेही पुण्यात येऊन थांबले होते.

पुढची हकिगत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. मॉर्फियाची, म्हणजे वेदना शमवणाऱ्या औषधाची, दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यावीत, असं मोठ्या डॉक्टरांनी सहायकाला सांगितलं होतं. सहायकाने एकच दिलं. मग मुलाला एक्स-रेसाठी नेलं, तिथून ऑपरेशन थिएटरात, आणि पूर्ण भूल न देता पाय ओढून हाड बसवलं, प्लास्टर घातलं. संध्याकाळी सातपर्यंत तो गुंगीतून बाहेर येईल, असं सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास उशाशी बसलेल्या आईच्या लक्षात आलं की मुलाला श्वास घेता येत नाहीये. रात्री नऊला तो गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि मे १९६८ मध्ये आईवडिलांच्या बाजूने निकाल लागला. नुकसानभरपाई होती ३,००० रुपये.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्यात हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. न्यायालयाने दोष ठेवला तो भूल न देता जोर लावून केलेल्या उपचारावर, आणि कायद्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. मला मात्र त्या हकिगतीतल्या दोन साध्या गोष्टी सोडवत नाहीत. एकाने दोन इंजेक्शनं सांगितली, दुसऱ्याने एक दिलं, आणि थिएटरात नेण्यापूर्वी 'दुसरं दिलं का?' या प्रश्नावर सगळं थांबवणारी रीतच नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे, बिघाड पहिल्यांदा दिसला तो आईला. रुग्णसुरक्षेचा पुढचा सत्तर वर्षांचा इतिहास याच दोन जागांभोवती फिरतो: सांगितलेलं पोचलं का, आणि ज्याला दिसलं त्याचं ऐकलं का.

हा विषय पहिल्यांदा नीट अभ्यासला गेला तो विमानांच्या जगात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती, तरी ते धावू लागलं. नियंत्रण कक्षाचा 'थांबा' आणि दुसऱ्या विमानाचा 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे दोन निरोप एकाच वेळी आले, एकमेकांत मिसळले आणि कॉकपिटात नुसती शिट्टी ऐकू आली. तरीही फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. 'ते विमान अजून बाजूला झालं नाही का?' असं त्याने विचारलंही. कॅप्टनने ठामपणे झालंय म्हणून सांगितलं. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ आणि नावाजलेला वैमानिक, इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही.

या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने सगळ्या वैमानिकांना एकत्र काम करण्याचं प्रशिक्षण सुरू केलं आणि हळूहळू जगभर ते पसरलं. कनिष्ठाने शंका कशी बोलून दाखवायची, ज्येष्ठाने ती कशी घ्यायची, हे त्यात शिकवलं जातं. हे माणसाच्या स्वभावावर सोडून चालत नाही, एवढं विमानवाल्यांनी मान्य केलं.

वैद्यकाला ते मान्य करायला आणखी वीस वर्षं लागली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल काढला: टाळता येण्याजोग्या चुकांमुळे अमेरिकेतल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० लोक मरत असावेत. आकड्यांवर वाद झाले, अजूनही होतात. पण चुका बहुतेकदा माणूस वाईट असल्यामुळे होत नाहीत, कामाच्या पद्धतीत फटी असल्यामुळे होतात, हा त्या अहवालाचा मुद्दा टिकला. त्या फटींचा शोध घेत गेल्यावर पुन्हा पुन्हा बोलण्यातली फट सापडू लागली.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये घडलेली घटना याचं सगळ्यात बोचरं उदाहरण आहे. एलेन ब्रॉमिली नावाच्या दोन मुलांच्या आईचं सायनसचं ठरवलेलं, साधं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. तीन अनुभवी डॉक्टर वीस मिनिटांहून जास्त वेळ तोच प्रयत्न करत राहिले. एका नर्सला काय करायला हवं ते कळलं होतं. गळ्याला छेद देऊन श्वासाचा मार्ग करायचा संच तिने आणून ठेवला आणि तो तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला, पण डॉक्टरांचे चेहरे बघून आपणच घाबरलो असं वाटून तिने तो रद्द केला. एलेन शुद्धीवर आली नाही, तेराव्या दिवशी गेली.

तिचा नवरा मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होता. डॉक्टरांना शिक्षा व्हावी असं त्याने म्हटलं नाही. त्याने विचारलं की आमच्याकडे अपघात झाला की चौकशी होते, तशी इथे का होत नाही? पुढे २००७ मध्ये त्याने डॉक्टर, नर्स आणि तज्ज्ञांना एकत्र आणून क्लिनिकल ह्युमन फॅक्टर्स ग्रुप सुरू केला. स्वतःचं दुःख असं कामाला लावणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

त्या नर्स पुढे का झाल्या नाहीत, हे आपल्या वॉर्डात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मोठ्या सरांचा राउंड सुरू असतो, मागे रेसिडेंट, त्यांच्यामागे इंटर्न, कडेला केसपेपर घेऊन सिस्टर, आणि मामा-मावशींना, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांना, तर दाराबाहेरच काढलेलं असतं. अशा वेळी सिस्टर म्हणाली, 'सर, कालपासून यांची लघवी कमी झालीय,' तर ती माहिती ठरते. पण 'सर, मला हे ठीक वाटत नाही' म्हणाली, तर ते उलट बोलणं ठरतं.

या अडचणीवर निघालेला एक तोडगा अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांमधून आला. तिथे निरोप ठराविक क्रमाने देण्याची पद्धत होती. कोलोरॅडोत कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत भूलतज्ज्ञ मायकेल लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती दवाखान्यात आणली. तिला 'एसबार' म्हणतात. आधी आत्ताची परिस्थिती, मग मागची हकिगत, मग स्वतःचा अंदाज आणि शेवटी काय हवं ते. कागदावर फारच किरकोळ दिसतं. रात्री दोनच्या फोनवर फरक कळतो.

'सर, बारा नंबरचे आजोबा जरा अस्वस्थ वाटतायत.'

'बरं, बघा जरा. बीपी घ्या आणि सकाळी सांगा.'

आता तोच फोन दुसऱ्या पद्धतीने.

'सर, सर्जिकल वॉर्डमधून बोलतेय. बेड १२, वय ६२, काल हर्नियाचं ऑपरेशन झालंय. अर्ध्या तासात नाडी ९० वरून १२८ झालीय, वरचं बीपी ९०, सहा तासांत लघवी फक्त १०० मिली. आतून रक्तस्राव होत असावा असं मला वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा.'

यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात अवघड. आकडे सांगणं कुठल्याही सिस्टरला येतं. 'मला वाटतंय' म्हणायची मुभा तिला या पद्धतीने दिली, आणि रीतच ती असल्यामुळे फोनवरच्या डॉक्टरला त्यात उद्धटपणा दिसत नाही.

याच काळात जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली. काम पुढे नेलं बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील आत्माराम गावंडे विदर्भात उमरखेडजवळच्या उटी गावचे. टोरँटोपासून नवी दिल्लीपर्यंत आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. यादीत एक मुद्दा असाही आहे की छेद घेण्याआधी थिएटरातल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. अनेक सर्जनांना तो पोरकट वाटला. पण ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितलं, त्याला पुढे 'थांबा' म्हणणं सोपं जातं, हे त्यामागचं गणित.

या यादीचं कौतुक मी राखूनच करतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती सक्तीची केल्यावर १०१ रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली, तेव्हा मृत्यूंमध्ये म्हणावी अशी घट दिसली नाही. तो अभ्यास २०१४ चा. माझा अंदाज असा की बोलण्यासाठी केलेला कागद टिकमार्क करण्यासाठी वापरला की तो नुसता कागद उरतो. आपल्याकडेही ऑपरेशन संपल्यावर सगळ्या चौकटी एकदम भरलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्याच २०१४ मध्ये ड्यूटी बदलतानाच्या निरोपांवरचा मोठा अभ्यासही आला. उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांच्या मुलांच्या विभागांत रेसिडेंट डॉक्टरांना चार्ज कसा द्यायचा-घ्यायचा हे शिकवलं, आणि घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं असं ठरवलं. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. ना नवं औषध, ना नवं यंत्र.

भारतात हा विषय कायद्याच्या दाराने आत आला. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, धोका आणि पर्याय पुरेसे सांगून घेतलेली संमतीच खरी. एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहायला सांगितलं. वाचता येणारी चिठ्ठी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. शिक्षणात बदल झाला २०१९ पासून. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा स्वतंत्र भाग आला. त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी संवाद सीनियरकडे बघून उचलला, सीनियर जसा असेल तसा.

महाराष्ट्रात यात भाषेची गुंतागुंत फार मोठी आहे आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. १९८० मध्ये फ्लोरिडात एका तरुणाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये 'इंतोक्सिकादो' म्हटलं. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. इंग्रजीत ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला, नशेचा अतिरेक. मेंदूतला रक्तस्राव ओळखायला उशीर झाला आणि तरुण कायमचा लुळा झाला.

आपल्याकडे असे शब्द पावलोपावली आहेत. कळ, चमक, ठणका, आग, टोचणं, मुंग्या: मराठी माणूस दुखण्याचे इतके प्रकार वेगळे सांगतो, आणि केसपेपरवर सगळ्याचं एकच 'पेन' होतं. बाई बिचकत म्हणते, 'अंगावरून जातंय.' परप्रांतातून नुकत्याच आलेल्या रेसिडेंटला त्यातून काहीच कळत नाही, आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत त्याचा अर्थ जीवघेणा रक्तस्राव असू शकतो. 'छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय' म्हणणाऱ्याला घरचेच 'गॅस झालाय' म्हणतात आणि तोच शब्द कॅज्युअल्टीत पोचतो. अहिराणी बोलणारे काका, केरळची सिस्टर आणि उत्तर प्रदेशचा डॉक्टर मोडक्या हिंदीत एकमेकांना सांभाळून घेतात, हे मुंबईच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातलं रोजचं दृश्य. त्यातली माणुसकी खरी आहे. पण डोस ठरवताना ती पुरत नाही.

आणि उशाशी बसलेली आई? २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दीड वर्षाची जोसी किंग गेली. मुलीला सारखी तहान लागतेय, हे तिची आई सॉरेल सांगत होती. सॉरेलच्या प्रयत्नांमुळे २००५ मध्ये पिट्सबर्गच्या एका रुग्णालयात नातेवाइकांना थेट तातडीचं पथक बोलावता येईल अशी सोय झाली. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' नावाने तसाच हक्क देणं सुरू झालं आहे. तेही एका मुलीच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे नातेवाईक चोवीस तास खाटेशी असतात, सलाईन संपल्याचं तेच सांगतात, कूस तेच बदलतात. त्यांच्याइतकं रुग्णाकडे कुणीच बघत नाही. आणि त्यांनी बिघाड पाहिला तर कुणाला, कुठल्या नंबरवर सांगायचं, हे भिंतीवर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. दबलेली भीती मग आरडाओरड्यातून बाहेर येते, कधी डॉक्टरवर हात उगारला जातो. ते रोखण्यासाठी राज्यात २०१० पासून कायदा आहे, आणि तो हवाच.

एक दृश्य मात्र मी जवळून पाहिलं आहे, एका छोट्या रुग्णालयात. संधिवाताच्या आजी घरी निघाल्या होत्या. पिशवीत मेथोट्रेक्सेट होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. ती रोज घेतली गेल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. डॉक्टर समजावून गेले होते, 'कळलं ना आजी?' 'हो हो.' सिस्टरने पिशवी हातात देताना वेगळंच विचारलं.

'आजी, घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?'

'ही पिवळी गोळी रोज रात्री एक.'

सिस्टर खुर्ची ओढून बसली. 'नाही आजी, फक्त सोमवारी. रोज नाही. आता मला परत सांगा.' तिसऱ्या वेळेला बरोबर आलं. मग सुनेला आत बोलावलं, आणि पाकिटावर मराठीत 'फक्त सोमवार' असं मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.