श्रावण पाळणं सोपं का जातं?

गटारीला मनसोक्त प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून ग्लासाला हात लावायचा नाही. अनंत चतुर्दशी उलटली की पुन्हा सुरू. ऑफिसात, सोसायटीत, नात्यागोत्यात असे श्रावण पाळणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. त्यांचं वाक्यही ठरलेलं असतं: "बघ, मनात आणलं तर मी केव्हाही सोडू शकतो."

हे वाक्य मला बरेच दिवस कोड्यात टाकायचं. एरवी ज्याला एक शनिवार कोरडा काढता येत नाही, त्याला सलग महिना-दीड महिना जमतो कसा? निग्रह श्रावणातच वाढतो म्हणावं, तर विसर्जनानंतर तो जातो कुठे? मग एका श्रावणात टेबलाभोवती नीट पाहिलं. एरवी "घे रे, एकाने काय होतंय" म्हणणारा माणूस स्वतःच मसाला सोडा पीत बसला होता. नकार द्यायला कारण शोधावं लागत नव्हतं, 'श्रावण आहे' एवढं पुरत होतं. घरी बायको खूश, आई खूश, कट्ट्यावर कुणी चिडवत नाही. सगळी माणसं एकाच बाजूला उभी असतात, आणि पिणारा ते सगळं श्रेय स्वतःच्या मनगटाला देतो.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायलाच हवी. सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि घोटभर पोटात गेल्यावरच थांबतात, त्याने असा श्रावण पाळू नये. दारू मेंदूचा ब्रेक दाबून ठेवते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू तोल सांभाळण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर वाढवत नेतो. दारू एका रात्रीत बंद केली की ब्रेक सुटतो, पण अ‍ॅक्सिलरेटर तसाच राहतो. मग घाम, थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास आणि भ्रम. यात माणूस दगावू शकतो. तेव्हा पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. त्या दिवसांत मित्राचं काम एवढंच, की त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं.

आता मूळ कोड्याकडे येऊ. घंटा वाजली की लाळ गाळणारा पावलोव्हचा कुत्रा शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. घंटा वाजवायची पण खायला द्यायचं नाही, असं बरेचदा केलं की लाळ थांबते. मग काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा घंटा वाजवायची. लाळ परत येते. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बाउटन यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. प्राण्यांची सवय एका पिंजऱ्यात मोडली आणि त्यांना दुसऱ्या पिंजऱ्यात नेलं, तर मोडलेली सवय पुन्हा उभी राहते. म्हणजे मेंदू जुनं शिकलेलं पुसत नाही. त्यावर नवा कागद चिकटवतो, आणि त्या कागदाचा गोंद बराचसा त्या जागेपुरताच असतो.

श्रावण हा असाच एक पिंजरा. व्यसनमुक्ती केंद्रातला महिनाही तसाच. आत सगळं सुरळीत चाललेलं असतं. बाहेर पडून एसटीतून गावच्या स्टँडवर उतरलं की समोर तोच परमिट रूम, तोच उकडलेल्या अंड्यांचा वास आणि "काय शेठ, बरेच दिवसांनी!" म्हणणारा तोच वेटर. जुनी सवय तिथे राखणीला बसल्यासारखी बसलेली असते.

कसोटी फक्त जागेची नसते. घसरणीच्या मागे काय असतं, याची पद्धतशीर मोजणी सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी केली. दारू, सिगारेट, हेरॉइन अशी वेगवेगळी व्यसनं सोडून पुन्हा घसरलेल्यांना त्यांनी विचारलं, की त्या क्षणी काय चाललं होतं? सुमारे ३५ टक्के प्रसंगांत उत्तर होतं उदासी, राग, कंटाळा, घालमेल. १६ टक्क्यांत कुणाशी तरी भांडण आणि २० टक्क्यांत मित्रमंडळींचा आग्रह. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश घसरणी या तीन कारणांत बसतात. त्यातच दारू सोडल्यावर कित्येक महिने झोप धड लागत नाही आणि ताण झेलणारी यंत्रणा चढलेलीच राहते. साहेबाचा एक शब्द इतरांना खरचटतो, तो याला कापतो.

अशाच एका वाईट दिवशी, ११ मे १९३५ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन गावच्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन उभा होता. न्यूयॉर्कचा शेअर दलाल. दारू सोडून पाच महिने झालेले. ज्या सौद्यासाठी आला होता तो फिसकटलेला, खिशात जेमतेम पैसे, शनिवारची संध्याकाळ, परकं गाव. लॉबीच्या एका टोकाला बार होता आणि तिथून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला. "मला वाचवा" असं त्याने म्हटलं नाही. त्याची चौकशी वेगळीच होती: सुटू न शकलेला एखादा दारुडा या गावात मला भेटेल का?

मला ही चौकशी सगळ्या गोष्टीची किल्ली वाटते. त्याआधीचे पाच महिने बिल न्यूयॉर्कमध्ये इतर पिणाऱ्यांना समजावत फिरत होता. त्यातला एकही सुटला नव्हता. मात्र या खटाटोपात तो स्वतः कोरडा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. "पंधरा मिनिटं थांबेन" असं बजावून आलेले डॉक्टर उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दारूचे तोटे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, ते स्वतः डॉक्टर होते. समोरचा माणूस त्याच खड्ड्यातून आला होता, एवढाच फरक. तरी गोष्ट लगेच सरळ झाली नाही. काही आठवड्यांनी एका परिषदेला गेलेले डॉक्टर पिऊन तर्र होऊन परतले, आणि पुढे एका सकाळी शस्त्रक्रिया करायची होती. हात थरथरत होते. ते थांबावेत म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. तो दिवस १० जून १९३५ चा मानतात. ती डॉक्टरांची शेवटची बाटली, आणि 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगांत भेटून एकमेकांना आधार देण्याच्या एए या संघटनेचा, तोच जन्मदिवस. १९५० साली वारले तोवर डॉक्टर पुन्हा प्यायले नाहीत.

गोष्ट छान आहे, पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. एएबद्दल शास्त्रज्ञ बराच काळ नाक मुरडत होते, आणि त्यातला 'उच्च शक्ती'चा उल्लेख आपल्याकडच्या विवेकवाद्यांनाही खटकतो. २००६ साली वैद्यकीय अभ्यासांची एकत्रित छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ठोस निष्कर्ष निघाला नव्हता. २०२० मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी या संशोधकांनी नवा आढावा घेतला: २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. रुग्णाला एएच्या वाटेला लावणारे पद्धतशीर उपचार घेतलेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षभरानंतर पूर्ण कोरडे होते. इतर उपचारांत, म्हणजे नावाजलेल्या मानसोपचारांतही, हा आकडा ३५ टक्के होता. फरक डोळे दिपवणारा नाही. पण मीटिंगला फी नसते, हे विसरू नका. आणि ४२ म्हणजे उरलेले ५८ पूर्ण कोरडे राहिले नव्हते, हेही.

हे नेमकं कशामुळे होतं, यावरही केली यांनी काम केलं आहे. बराचसा परिणाम अध्यात्मापेक्षा साध्या गोष्टींतून येतो: पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात आणि अवघड प्रसंगात आपण टिकू असा भरवसा येतो. म्हणजे पुन्हा श्रावणच, फक्त बारमाही.

प्रयोगशाळेतली एक गंमत सांगतो. २०१८ मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी, मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी, नशेच्या आहारी गेलेल्या उंदरांसमोर दोन दांड्या ठेवल्या. एक दाबली की हेरॉइन किंवा मेथॅम्फेटामाइन मिळे, दुसरी दाबली की दार उघडून पलीकडचा उंदीर भेटे. उंदरांनी जवळजवळ दरवेळी सोबत निवडली. मात्र दार उघडायला उशीर व्हायला लागला, तेव्हा ते नशेकडे वळू लागले. सोबत चांगली असून भागत नाही, ती लगेच मिळावी लागते. हुरळून जाऊ नये म्हणून हेही सांगतो, की दारूवर असाच प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा उंदरांनी सोबत सोडून दारू निवडली. उंदरांना अर्थात एकमेकांना फोन करता येत नाही.

माणसांना येतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही बरे झालेले रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते होत गेले. संशोधक मारिया पगानो यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या उपचार-चाचणीतले आकडे तपासले. इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक पुढचं वर्षभर प्यायले नाहीत, मदत न करणाऱ्यांत २२ टक्के. आधीच बरे असलेलेच मदतीला पुढे येत असतील, ही शंका रास्त आहे. पण दुसऱ्याला सावरताना आपणही सावरतो, हे बिल विल्सनने मेफ्लॉवरच्या लॉबीत ओळखलं होतं.

एएच्या खुल्या मीटिंगला कुणीही जाऊ शकतं, म्हणून एकदा गेलो. तिथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं, तेव्हा फक्त खोलीचं सांगतो. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यांत गुडघे न मावणारी मोठी माणसं, फळ्यावर सकाळचे पाढे तसेच. कुणी सल्ला देत नव्हतं. एक बोलायचा, बाकीचे ऐकायचे. चहा आला की नवा माणूस दोन्ही हातांनी कप धरायचा. ती थरथर सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे तिकडे टक लावून कुणी बघत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर चप्पल घालताना एका गृहस्थांना विचारलं, विसर्जनाच्या रात्री तुम्ही काय करता? हे लिहायला त्यांची परवानगी आहे. म्हणाले, "मिरवणुकीला जात नाही. फोन चार्जिंगला लावतो, आवाज मोठा ठेवतो आणि उशाशी घेऊन झोपतो. पहिल्या वर्षी मीच तीनदा केला होता. गेल्या वर्षी मला दोन आले."