हीट स्ट्रिप की हीट पंप? आरव्हीच्या छतावरच्या एसीतून गरम हवा काढताना

अमेरिकेतल्या आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या फिरत्या गाडीच्या छतावर जो एसी असतो, त्यातून थंडीत गरम हवा काढायचे दोन मार्ग आहेत. दोघांची नावं इतकी जवळची, की एकाची चौकशी करताना माणूस दुसऱ्याचीच माहिती घेऊन येतो. हीट स्ट्रिप आहे त्या एसीत नंतर बसवता येते, तुमचं मॉडेल त्यासाठी तयार असेल तर. हीट पंप नंतर बसवता येत नाही. तो हवा असेल तर छतावरचं अख्खं युनिट बदलावं लागतं. ‘हीट पंप किट’ शोधण्यात वेळ घालवू नका.

हीट स्ट्रिप म्हणजे ब्लोअरच्या हवेच्या वाटेत बसवलेली तापणारी तार, हेअर ड्रायरमध्ये असते तशी. कॉम्प्रेसर बंद, फक्त पंखा चालू. नेहमीची किट तासाला 5,600 बीटीयू (उष्णतेचं एकक) देणारी, म्हणजे साधारण 1,600 वॅटची असते आणि 120 व्होल्टवर 13-14 अँपियर ओढते. हीट पंपात कॉम्प्रेसरच चालतो. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह रेफ्रिजरंटचा प्रवाह उलटा फिरवतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत येते. तो उष्णता तयार करत नाही, उचलून आणतो. म्हणून जवळपास तेवढ्याच विजेत तो स्ट्रिपच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ऊब देतो. पण बाहेरचं तापमान 40 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेचार सेल्सियसच्या खाली गेलं, की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरायला लागतो आणि बरीच युनिटं तिथेच हात टेकतात. स्ट्रिपला बाहेरच्या थंडीशी देणंघेणं नसतं. तिची अडचण एकच, ऊब मुळात थोडी. आरव्हीतली 30,000 बीटीयूची प्रोपेन फर्नेस, म्हणजे गॅसवरची भट्टी, जेवढं देते, त्याचा हा पाव हिस्साही नाही.

म्हणून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जानेवारी काढणाऱ्याला हीट पंप शोभतो. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, सात हजार फुटांवर, ऑक्टोबरच्या रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळ जातो. तिथे पहाटे हीट पंप थांबेल, आणि स्ट्रिप चालू राहूनही एकटी पुरणार नाही. शिवाय तिथल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये विजेचं हुकअप, म्हणजे गाडीला बाहेरून वीज जोडायची सोय मिळते, शेजारच्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये मिळत नाही. हुकअप नसेल तर दोन्हींचा उपयोग जवळपास शून्य. 100 अँपियर-तासांची लिथियम बॅटरी इन्व्हर्टरवरून स्ट्रिपला पाऊण तासही नीट पुरत नाही.

आता बसवण्याकडे. आधी एसीच्या आतल्या लेबलवरून पूर्ण मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि त्याच नंबरसाठी उत्पादकाने दिलेली किट मागवा. दिसायला सारख्या किट वेगवेगळ्या प्लगच्या असतात. डक्ट (हवा वाहून नेणारा मार्ग) नसलेल्या युनिटमध्ये, जिथे बटणं छताच्या पॅनेलवरच असतात, काम सोपं असतं. डक्ट असलेल्या, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या युनिटमध्ये स्ट्रिप खालून, 14 इंची चौकोनी भोकातून वर सरकवून बसवावी लागते, आणि कंट्रोल बोर्डवर हीटचा रिले (विजेवर चालणारा स्विच) नसेल तर बोर्डही बदलावा लागतो. किटपेक्षा तो महाग पडू शकतो. हे आधी तपासा, मग पैसे भरा.

शोअर पॉवरची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेची केबल काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीचं 12 व्होल्टही तोडा. कंट्रोल बॉक्समधला कपॅसिटर वीज तोडल्यावरही भरलेला राहतो, त्यामुळे तो डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नका. फिल्टर आणि पॅनेल उतरवल्यावर थंड हवेच्या बाहेर पडण्याच्या वाटेत स्ट्रिपची जागा दिसेल. तार कुठेही पत्र्याला किंवा थर्माकोलला टेकता कामा नये. जोडण्याआधी मल्टीमीटरने रोध मोजा. 5,600 बीटीयूच्या स्ट्रिपला 9 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. सर्किट तुटलेलं दाखवलं, तर तार तुटली आहे किंवा थर्मल फ्यूज उडाला आहे. परत येणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा यांच्यामधल्या पडद्याला फट असेल तर ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करा. नाहीतर गरम हवा तिथल्या तिथे फिरते, जास्त तापल्यावर वीज तोडणारा लिमिट स्विच दर काही मिनिटांनी वीज तोडतो आणि दोष स्ट्रिपवर येतो. मळलेल्या फिल्टरनेही हेच होतं. लिमिट स्विच थंड झाल्यावर आपोआप जुळतो, थर्मल फ्यूज मात्र एकदा उडाला की गेलाच. कोणी त्याला बायपास करायला सुचवलं तर ऐकू नका, ती आग लागायची सोय आहे.

वेगळा ब्रेकर बहुधा लागत नाही. स्ट्रिप आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे एसीचा 20 अँपियरचा ब्रेकर आणि 12 गेजची वायर पुरते. पण मूळची वायरिंग तीच आहे ना, हे बघून घ्या. चालू केल्यावर क्लॅम्प मीटरवर पंख्यासह 15-16 अँपियर दिसायला हवेत. पहिली काही मिनिटं धुळीचा जळका वास येतो, तो जातो. प्लास्टिकचा वास आला तर लगेच बंद करा.

30 अँपियरच्या हुकअपवर सलग भार 24 अँपियरच्या आत ठेवावा. स्ट्रिप चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक गीझर लावलात तर हुकअपच्या खांबावरचा (पेडेस्टलचा) ब्रेकर पडणारच. व्होल्टेज उतरल्यावर मात्र स्ट्रिप आणि हीट पंप यांच्या वागण्यात खरा फरक दिसतो. 120 चे 105 झाले, तर 1,600 वॅटची स्ट्रिप सव्वाबाराशे वॅटवर येते. ऊब कमी होते, इजा काही नाही. हीट पंपाचा कॉम्प्रेसर तेव्हा उलट जास्त अँपियर ओढतो आणि तापतो. जनरेटरवरही सुरू होतानाचा झटका कॉम्प्रेसरलाच असतो, स्ट्रिपला नाही.

दोघांनाही लागू पडणारा एक धोका आहे, आणि तो महागात पडतो. फर्नेसची गरम हवा बऱ्याच आरव्हींत गाडीच्या फरशीखालच्या पाण्याच्या टाक्या आणि पाइपांपर्यंत जाते. छतावरची जात नाही. वरून केबिन उबदार राहिली, की फर्नेसचा थर्मोस्टॅट तिला उठवतच नाही आणि खाली पाणी गोठतं. पारा शून्य सेल्सियसकडे झुकत असेल त्या रात्री फर्नेसच चालवा.

डोमेटिक कंपनीच्या कम्फर्ट कंट्रोल सेंटर 2 सारख्या थर्मोस्टॅट प्रणालीत स्ट्रिप जोडल्यावर बोर्डवरचा तिचा डिप स्विच (छोटा सेटिंगचा स्विच) चालू करून थर्मोस्टॅट रीसेट करावा लागतो. हे राहिलं, तर स्ट्रिप अगदी बरोबर बसवूनही हीटचा पर्याय पडद्यावर उमटत नाही.

1,500 वॅटचा साधा पोर्टेबल हीटर 5,100 बीटीयू देतो, म्हणजे जवळपास तेवढंच, आणि तेही पायाशी. त्यापेक्षा स्ट्रिपला पैसे मोजायचं कारण म्हणजे ती एसीच्या स्वतंत्र सर्किटवर चालते, सॉकेट आणि त्यामागची वायर तापत नाही, आणि मुलं किंवा कुत्रा धडकून ती उलथत नाही. एसी दहा-बारा वर्षांचा झाला असेल आणि कॉम्प्रेसर आवाज करत असेल, तर मात्र किट घेऊ नका. ते पैसे बाजूला ठेवा, आणि युनिट बदलायची वेळ येईल तेव्हा थेट हीट पंपवालं घ्या.