नत्र कुठून आलं, हे मुळाला कळत नाही

गॅलरीत मिरची-टोमॅटो लावणाऱ्या मुंबईकरांमध्ये दोन पक्ष आहेत. एक शपथेवर सांगतो की गांडूळखत आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं द्रावण) सोडून कुंडीत काही पडता कामा नये. दुसरा 19:19:19ची, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फेट) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी 19 टक्के असलेल्या रासायनिक खताची पुडी पाण्यात विरघळवून मोकळा होतो. दोन्ही एकत्र दिलं तर सेंद्रिय खत वाया जातं, असं दोघांनाही वाटतं. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण मातीच्या रसायनातच आहे.

मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या दोन रूपांत. शेणातून सुटलेला नायट्रेट आयन आणि कारखान्यातून आलेला नायट्रेट आयन यांत तसूभरही फरक नसतो. झाडाचं पोषण खनिज रूपातल्या अन्नद्रव्यांवर होतं, हे युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1840 मध्येच ठासून मांडलं होतं. फरक पडतो तो वेगात. मूठभर, म्हणजे 100 ग्रॅम गांडूळखतात 1 टक्का नत्र धरलं तरी ते 1 ग्रॅम होतं. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम 19:19:19 घातलं तर त्यात नत्र फक्त 0.19 ग्रॅम. म्हणजे त्या मुठीत पाचपट नत्र आहे. पण ते प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंत अडकलेलं असतं आणि जिवाणूंनी ते फोडेपर्यंत झाडाला थांबावं लागतं. गांडूळखत ही मुदत ठेव म्हणा, विद्राव्य खत ही खिशातली रोकड.

आता गंमत अशी की ही रोकडसुद्धा पूर्ण रोकड नसते. 19:19:19च्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. 19 टक्के नत्रापैकी साडेदहा टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त, युरियाच्या रूपात असतं. मातीतल्या सूक्ष्मजीवांचं युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याचं अमोनियम करतं, मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्यातून नायट्राइट बनवतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. जिवंत मातीशिवाय ही साखळी नीट चालत नाही. नव्याकोऱ्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) रासायनिक खत देऊनही रोप रखडतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं. रासायनिक खताला कामाला लावणारे हातही सेंद्रिय खतातूनच येतात, हे मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

उलट बाजूही आहे. घरच्या ओल्या कचऱ्याचं अर्धकच्चं खत, त्यात सुका पाला किंवा भुसा जास्त, असं कुंडीत गेलं की पानं पिवळी पडतात. कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र कमी असलं की जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. अशा वेळी चिमूटभर युरिया विरघळवून दिला तर जिवाणूंचंही भागतं आणि झाडाचंही.

शेतीत दोन्ही खतं मिळून देण्याला एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन म्हणतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग 1970 पासून चालू आहेत. त्यांचं एक केंद्र अकोल्याला आहे. वर्षानुवर्षं फक्त नत्र दिलेले वाफे मागे पडत गेले. शिफारशीइतकं रासायनिक खत आणि जोडीला शेणखत मिळालेल्या वाफ्यांनी उत्पादन टिकवलं आणि मातीतला सेंद्रिय कर्बही राखला.

मात्र एका जागी दोन्ही खतं खरोखर एकमेकांच्या आड येतात: स्फुरद. मायकोरायझा ही बुरशी मुळांना स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. आयतं स्फुरद मिळायला लागलं की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही. नर्सरीतून मायकोरायझाची पूड आणायची आणि वर 46 टक्के स्फुरद असलेलं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे रासायनिक खत) ओतायचं, यात पूड वाया जाते.

कुंडीचं गणित शेतापेक्षा कडक असतं, कारण माती थोडी. क्षार साठले की मुळाबाहेरचं पाणी इतकं खारं होतं की परासरणामुळे मुळाला ते ओढून घेणं जड जातं. पानांची टोकं करपतात, कुंडीच्या काठावर पांढरी कड येते. ऑक्टोबरच्या उन्हात हे लवकर घडतं. ताजं शेणखतही क्षार आणतं, त्यामुळे 'सेंद्रिय आहे, कितीही घाला' हेही चूकच. कड दिसली की खत थांबवून तळाच्या भोकातून पाणी भरपूर वाहून जाईल असं द्यावं.

पावसाळ्यात नेमकी उलटी अडचण असते. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार. म्हणून ते धरलं जात नाही. मुंबईच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तेव्हा उघड्या कुंडीत टाकलेलं विद्राव्य खत सरळ पन्हाळातून खाली जातं. जून ते सप्टेंबर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड यांवर भागवावं. निंबोळीतले घटक अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतात. देशातल्या युरियाला 2015 पासून निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं, त्यामागे हेही कारण आहे. विद्राव्य खताची खरी वेळ फुलं-फळं धरताना, पाऊस सरल्यावर: लिटरला 1 ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीत. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, कारण एकाच बादलीत ते स्फुरदाशी मिळून न विरघळणारा साका बनवतं आणि दोन्ही मुळापर्यंत पोचत नाहीत.